साठ मीटरवरचा अडथळा

त्या वर्षी दसऱ्यानंतरच्या आठवड्यात माझा ड्रोन समोर काहीही नसताना हवेत थांबायला लागला.

मी जमिनींचे हवाई नकाशे करते. आधी एका कंपनीत बारा-तेरा वर्षं संगणकावर नकाशे काढले, मग ती नोकरी सोडली, ड्रोन चालवायचं रीतसर शिक्षण घेतलं, परवाना काढला आणि सदाशिव पेठेतल्या आमच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत टेबल मांडलं. पुण्याच्या कडेची गावं एकेक करून महापालिकेत येत गेली तशी कामं मिळत गेली. माझा नकाशा सरकारी मोजणीच्या जागी चालत नाही. घरातल्या माणसांनी एकत्र बसून, एका कागदावर बोट ठेवून बोलावं, एवढाच त्याचा उपयोग. पण बऱ्याच घरांत तेवढंच अडलेलं असतं.

घरात मी आणि बाबा. आई जाऊन सहा वर्षं झाली. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालेले. सगळी हयात त्यांनी साखळी आणि फिती धरून लोकांची शेतं मोजली. माझ्या कामाबद्दल त्यांचं मत त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "वरून दिसतं ते बघणं झालं. मोजणं म्हणजे चालणं." त्यानंतर त्यांनी हा विषय काढला नाही, मीही काढला नाही.

काम दक्षिणेकडच्या एका गावातलं होतं. दोन भाऊ, दोघंही पन्नाशी ओलांडलेले. वडील गेल्यावर जमीन वाटून घ्यायची ठरली आणि त्या बोलण्यातून दोघांचं बोलणं बंद झालं. मला आधी धाकट्याचा फोन आला. त्याच संध्याकाळी थोरल्याचा आला, त्यानेही तेच काम सांगितलं. "त्यानं फोन केला आसंलच," तो म्हणाला. "पर माझं बी सांगून ठेवतो. नकाशा दोघांसमोर काढायचा."

जमीन लांबट होती. एका टोकाला ओढा, दुसऱ्या टोकाच्या पलीकडे नवीन गृहसंकुलाचा पस्तीस मजली टॉवर. मधोमध एक आडवा बांध आणि बांधावर चिंचेचं जुनं झाड. दोघांनाही बांध आपल्या बाजूला हवा होता.

पहिल्या दिवशी सकाळी सातला मी पोचले. त्या भागात उडवायची परवानगी काढलेली होती. सकाळचीच वेळ घ्यावी लागते, कारण दहानंतर तिथे घारी फिरायला लागतात आणि ड्रोनच्या अंगावर येतात. भाऊ माझ्या दोन बाजूंना उभे राहिले, एकमेकांकडे न बघता. मी साठ मीटर उंची ठेवली. अशा कामात ड्रोन आपला आपण सरळ रेघा मारत जातो, टोकाला वळतो, परत येतो आणि ठरावीक अंतरावर खालचे फोटो घेतो. मला फक्त हातातल्या स्क्रीनवर लक्ष ठेवायचं असतं.

पहिल्या दोन रेघा नीट गेल्या. तिसऱ्या रेघेत ड्रोन ओढ्याकडून टॉवरच्या दिशेने येत होता, तो मध्येच जागेवर थांबला. रिमोट पिपाणीसारखा वाजायला लागला. स्क्रीनवर लाल पट्टी: समोर अडथळा, चार मीटर.

मी मान वर करून पाहिलं. ड्रोनच्या समोर आकाश होतं. खाली चिंच होती, पण चिंच फार तर पंधरा मीटर उंच असेल.

"का थांबलं?" थोरल्याने विचारलं.

"सेन्सरचं काहीतरी आहे."

"थांबलंय कुठं पर?"

"बांधाच्या वर."

तो चिंचेकडे बघत राहिला.

मी ड्रोन मागे घेतला, रेघ पुन्हा सुरू केली. तो पुन्हा थांबला, पाच-सात पावलं अलीकडे. टॉवरकडून ओढ्याकडे जाताना काही अडचण नाही. ओढ्याकडून टॉवरकडे येताना मात्र बांधाच्या आसपास लाल पट्टी. मी ड्रोन उतरवला, समोरच्या काचा ओढणीच्या टोकाने पुसल्या, बंद करून परत चालू केला. तेच. साडेआठनंतर दोन रेघा आपोआप सुरळीत गेल्या, पण तोपर्यंत बॅटऱ्या संपत आल्या होत्या आणि टॉवरच्या गच्चीवर पहिली घार येऊन बसली होती. मी अर्धवट काम घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. या वेळी धाकटा माझ्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "ताई, दादानं तुमाला काय सांगितलंय का?"

"कशाबद्दल?"

"न्हाई, तितंच कसं काय थांबतंय? त्याला त्यो बांध सोडायचा न्हाई."

"अहो, बांध कुणाचा हे ड्रोनला कसं कळणार?"

"ड्रोनला न्हाई कळत," तो म्हणाला. "चालवनाऱ्याला कळतं की."

मला राग आला. पण ड्रोन का थांबतोय हेच मला ठाऊक नव्हतं, तर मी मुद्दाम थांबवत नाही हे कशाच्या जोरावर सांगणार? मी बॅग भरायला लागले. तेवढ्यात थोरला आला. त्याला निराळंच सांगायचं होतं.

"तुमचं मशीन बिघडल्यालं न्हाई," तो म्हणाला. "चिंचंखाली दगुड बघितला का? त्यो म्हसोबा हाय. आमच्या आज्यानं मांडल्याला. वडील गेल्यापासनं कुनी शेंदूर लावला न्हाई, नारळ फोडला न्हाई. वाटनीच्या नादात राहूनच गेलं."

मी दगड पाहिला नव्हता. पाहिला तेव्हा तो गवतात अर्धा बुडालेला होता, शेंदराचा जुना थर कडेने उकललेला.

"असं काही नसतं हो," मी म्हटलं. "सेन्सर चुकतोय. दुरुस्त करून आणते."

"आणा की," तो समजुतीने म्हणाला, जणू मीच काहीतरी भाबडं बोलत होते.

या ड्रोनला समोरच्या अंगाला दोन बारीक काचा असतात, आपल्या दोन डोळ्यांसारख्या. दोन्हींतून दिसणारी चित्रं ताडून तो समोरची वस्तू किती लांब आहे याचा अंदाज बांधतो. एका काचेतलं चित्र बिघडलं की ताडणी चुकते आणि मोकळ्या हवेत त्याला भिंत दिसते. त्यामुळे पहिला उपाय म्हणजे हे डोळे पुन्हा जुळवून घेणं. ड्रोन संगणकाला जोडायचा, संगणकाच्या पडद्यावर एक ठिपक्याठिपक्यांचं चित्र येतं, त्याच्यासमोर ड्रोन हातात धरून सांगेल तसा पुढे-मागे, तिरका करायचा.

मी हे जेवणाच्या टेबलावर करत होते. बाबा पेपर खाली ठेवून बघत होते.

"काय चाललंय?"

"डोळे तपासतेय."

"कुणाचे?"

"ड्रोनचे."

"नंबर निघाला का?"

नंबर निघाला नाही. जुळणी यशस्वी, असं पडद्यावर आलं. मी ड्रोनमधली आज्ञावली नवी करून पाहिली, मग जुनी परत टाकून पाहिली. तिसऱ्या दिवशी ओढ्याकाठी जाऊन आले, तर ड्रोन पुन्हा बांधावर थांबला. त्या दिवशी भाऊ आले नव्हते. धाकट्याची बायको लांबून बघत होती, ती घरी जाऊन काय सांगणार ते मला कळत होतं.

"हे सेन्सर बंद करून उडवता येत नाही का?" बाबांनी विचारलं.

"येतं. एक बटण आहे."

"मग?"

"त्या टोकाला क्रेन आहे टॉवरची. आणि कडेने विजेची मोठी लाइन गेलीये. तिथे सेन्सर नको म्हणून चालणार नाही."

"बरोबर," बाबा म्हणाले. "दिसत नाही म्हणून डोळे मिटून चालायचं, हा काही उपाय नव्हे." आपण माझ्याशी सहमत झालो याचं त्यांनाच थोडं आश्चर्य वाटलेलं दिसलं.

माझा संशय एका माणसावर होता. सप्टेंबरात एका बांधकामावर ड्रोन हिरव्या जाळीत अडकून पडला होता, पुढचं कवच तडकलं होतं आणि उजव्या बाजूचा सेन्सर बदलावा लागला होता. ते काम बुधवार पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याने केलं होतं. जिना चढून गेलं की आठ बाय दहाची खोली, भिंतभर प्लास्टिकचे ड्रॉवर, टेबलावर भिंगाचा दिवा, आणि मागे एक साठीचे गृहस्थ. आधी रेडिओ, मग व्हीसीआर, मग कॅमेरे आणि आता ड्रोन असं करत ते तिथेच बसलेले. बोलणं कमी, आणि जे बोलतील त्याने समोरच्याला शहाणं वाटू नये अशी काळजी घेतलेली.

मी ड्रोन टेबलावर ठेवला. "तुम्ही बसवलेला सेन्सर वाकडा आहे."

"बसा."

"बसायला वेळ नाही."

"मग उभ्याने ऐका. दुरुस्तीनंतर याच्यावर कामं केलीत ना?"

"केली. चार."

"त्यात थांबला?"

"नाही."

"मग वाकडा कसा? बसवल्यापासून वाकडा असता तर पहिल्या दिवसापासून थांबला असता."

"आता ढिला झाला असेल."

त्यांनी ड्रोन चालू केला, भिंतीसमोर धरला, फितीने अंतर मोजलं. दोन मीटर. स्क्रीनवरही दोन मीटर. तीन मीटरवर नेला, स्क्रीनवर तीन. मग कवच उघडून आतले स्क्रू एकेक करून दाबून पाहिले.

"आतलं बरोबर आहे. बाहेर बघा."

"काच पुसलीये मी."

"कशाने?"

"ओढणीने."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग ओढणी धुवा."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यातला एक हसला. माझा तोल गेला. काम धड करायचं नाही आणि वर लोकांना शहाणपण शिकवायचं, असं मी त्यांना मोठ्याने सुनावलं. आणखीही बरंच बोलले. मी थांबल्यावर त्यांनी ड्रोन माझ्या बॅगेत ठेवला, चेन लावली आणि बॅग पुढे सरकवली.

"चेन तरी नीट लागलीये ना, तेवढं तपासून घ्या. नंतर तक्रार नको."

हा प्रसंग घरी येऊन मी बाबांना तिखटमीठ लावून सांगितला. ते ज्या बाजूने असतील असं मला वाटत होतं त्या बाजूने ते नव्हते.

"तो म्हणतो ते खरं आहे," ते म्हणाले. "चार कामं नीट झाली. मग पाचव्याच्या वेळी काय बदललं? तू तीन दिवस एकाच वेळी दहा गोष्टी बदलतेयस. त्यातून काय कळणार?" आणि त्यांनी कपाटातून एक जुनी लांब वही काढली. खात्यातल्या दिवसांतली, अर्धी कोरी. त्यावर पट्टीने रकाने आखले. तारीख, वेळ, तोंड कुठल्या दिशेला, ऊन की ढग.

ड्रोन स्वतःची नोंद ठेवत असतो. मी संगणकावरून वाचत गेले, बाबा लिहीत गेले. गेल्या तीन सकाळी मिळून तो अकरा वेळा थांबला होता. लिहून झाल्यावर बाबांनी वही माझ्याकडे फिरवली. अकराच्या अकरा वेळा तोंड पूर्वेला, म्हणजे टॉवरकडे. अकराच्या अकरा वेळा साडेआठच्या आत. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं ढग आले होते, त्या वेळात एकदाही नाही.

"ऊन," मी म्हटलं. "समोरून डोळ्यांत येतं."

"मग बांधावरच का?"

मी त्या जमिनीचा उपग्रहावरचा फोटो उघडला. बाबांनी टॉवरवर पेन्सिलचं टोक ठेवलं आणि त्या दिवसांतल्या उन्हाच्या दिशेने पट्टी फिरवली. हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. सकाळी टॉवरची सावली शेतावर तिरकी, पार ओढ्यापर्यंत पडत होती. ड्रोन ओढ्याकडून सावलीतून येत होता आणि बांधाच्या आसपास सावलीबाहेर पडत होता. बाहेर पडला की सूर्य थेट तोंडावर.

मला सुटल्यासारखं वाटलं. बाबांना वाटलं नाही.

"सप्टेंबरात सकाळची कामं केलीस?"

"दोन."

"पूर्वेला तोंड करून?"

"अर्थात. येण्याजाण्यात दोन्ही बाजू होतातच."

"तेव्हाही सूर्य पूर्वेलाच उगवत असणार," बाबा म्हणाले. "म्हणजे ऊन हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं नंतर शिरलंय. दसऱ्याच्या..." आणि ते बोलायचे थांबले. वही मिटून म्हणाले, "उद्या सकाळी गच्चीवर जाऊ. भिंग घे."

माझ्या ड्रोनमध्ये पंखे न फिरवताही समोरचं अंतर स्क्रीनवर दिसतं. सकाळी आम्ही पंखे काढून ठेवले, ड्रोन घेऊन इमारतीच्या गच्चीवर गेलो. सूर्य समोरच्या क्लासच्या पाटीमागून नुकता वर आला होता. मी ड्रोन त्याच्या दिशेने धरला. लाल पट्टी: चार मीटर. तिथे पाण्याच्या टाकीपर्यंत काही नव्हतं आणि टाकी वीस पावलांवर होती. बाबांनी दहा-बारा पावलं पुढे जाऊन छत्री उघडून मध्ये धरली, ड्रोनवर फक्त सावली पडेल अशी. पट्टी गेली. छत्री काढली, पट्टी आली. असं आम्ही पाच-सहा वेळा केलं. खालच्या मजल्यावरच्या बाई कपडे वाळत घालायला आल्या होत्या, त्या दोरीपाशीच उभ्या राहून बघत राहिल्या.

मग बाबांनी भिंग मागितलं. नकाशावरचे बारीक आकडे वाचायचं त्यांचं जुनं, पितळी कड्याचं भिंग. ड्रोन उन्हात तिरका धरून त्यांनी उजवी काच पाहिली, डावी पाहिली, मग परत डावी पाहिली. बराच वेळ.

"बघ."

मी पाहिलं. डाव्या काचेवर अगदी पातळ थर होता, रस्त्यावर पेट्रोल सांडल्यावर पाण्यात रंग दिसतात तसे रंग त्यात दिसत होते. मध्ये बोटाच्या रेषा, आणि त्या रेषांवरून ओढणीचे आडवे फराटे. काचेच्या कडेला, जिथे ती प्लास्टिकमध्ये बसते त्या फटीत, केसाएवढी लाल रेघ.

"तेलकट आहे," मी म्हटलं. "आणि हे लाल काय?"

बाबांनी भिंग माझ्या हातातून घेतलं, रुमालाने पुसलं, खिशात ठेवलं.

"कुंकू आहे. हे मी केलंय."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या खात्यात खंडेनवमीला साखळ्या, फिती, पितळी यंत्रं मांडून पूजा व्हायची. निवृत्तीनंतर ते सुटलं. या वर्षी मी बाहेर गेले असताना त्यांनी टेबलावर ड्रोन ठेवला, झेंडूचं फूल ठेवलं आणि हळदकुंकू लावलं. ते लावताना बोट काचेवर टेकलं हे त्यांना दुसऱ्या दिवशी दिसलं. कोरडं पुसलं तर काचेवर चरे पडतील म्हणून त्यांनी समईतल्या तेलात कापूस बुडवून ते काढलं. पितळी यंत्रांना ते असंच करायचे.

"मला सांगायचं होतंत."

"तू ओरडली असतीस."

"ओरडले असतेच."

"म्हणून नाही सांगितलं."

मी ड्रोन बंद केला. मला राग आला नाही. का आला नाही ते मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. त्यांनी ते ज्या आवाजात सांगितलं त्यामुळे असेल. मोजणीत चूक निघाली तर ती वहीत लिहून खाली सही करायची, तसा तो आवाज होता. मला जे जाणवलं ते एवढंच, की माझ्या यंत्राची त्यांनी पूजा केली होती आणि मला कळू दिलं नव्हतं.

लेन्स पुसायचा द्रव आणून मी दोन्ही काचा तीन वेळा साफ केल्या, फटीतलं कुंकू लाकडी काडीला कापूस गुंडाळून काढलं. अर्ध्या तासाने ड्रोन पुन्हा उन्हासमोर धरला. स्क्रीन कोरी.

"आता त्या दुरुस्तीवाल्याकडे जाऊ," बाबा म्हणाले.

"मी जाते. बोलले मी."

"तू बोललीस. केलं मी. दोघं जाऊ."

बुधवार पेठेतला तो जिना अरुंद आहे. बाबा मधल्या वळणावर थांबले, कठडा धरून श्वास घेतला, मग वर आले. दुरुस्तीवाल्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि हातातलं काम खाली ठेवलं नाही.

"काचेला तेल मी लावलं," बाबा म्हणाले. "हिने दोष तुम्हाला दिला. दोन्ही चुकीचं झालं, ते सांगायला आलोय."

"कुठलं तेल?"

"तिळाचं. समईतलं."

"खोबरेल नव्हतं हे नशीब. थंडीत गोठलं असतं." मग त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. "बसा. जिना आमचा जरा सरळच आहे."

बाबा बसले. मी म्हटलं, "त्या दिवशी मी जे बोलले, त्याचं मला वाईट वाटतंय."

"वाटायला हवं," ते म्हणाले. "पण मीही काच उन्हात धरून पाहिली नाही. इथे ट्यूबलाइटच्या उजेडात मला काय दिसणार होतं." आणि ड्रॉवरमधून मऊ कापडाची एक घडी काढून माझ्यापुढे टाकली. "ही बॅगेत ठेवा. ओढणीला सुट्टी द्या."

पुढच्या सकाळी बाबा म्हणाले, मीही येतो. ते माझ्या कामावर कधीच आले नव्हते. मी कारण विचारलं नाही. आम्ही गाडी घेऊन गेलो. शेताच्या कडेला उतरलो तेव्हा दोघे भाऊ चिंचेखाली बसलेले होते. एकाच घोंगडीवर, मध्ये थोडी जागा सोडून. दगडाभोवतीचं गवत काढलेलं होतं, दगडाला ताजा शेंदूर होता आणि फोडलेल्या नारळाच्या करवंट्या बाजूला पडल्या होत्या.

मी ड्रोन वर नेला. तिसरी रेघ सुरू झाली तेव्हा दोघेही उठून उभे राहिले आणि मान वर करून बघायला लागले. ड्रोन ओढ्याकडून आला, सावलीतून बाहेर पडला, बांधावरून सरळ पुढे गेला, टॉवरपाशी वळला.

"गेलं," धाकटा म्हणाला.

"नारळ पावला," थोरला म्हणाला.

मला ते तसंच सोडून देता आलं असतं. काम झालं होतं, कुणाचं नुकसान होत नव्हतं. पण धाकट्याने मागे जे विचारलं होतं ते माझ्या मनात होतं, म्हणून ड्रोन उतरवल्यावर मी दोघांना सगळं सांगितलं. हळदकुंकू, तेल, सूर्य, टॉवरची सावली. काच दाखवली. बाबांनी बाजूला उभं राहून "तेल मी लावलं होतं" एवढी भर घातली.

थोरल्याने शांतपणे ऐकून घेतलं. त्याला पटलं नाही असं नाही, पटलं होतं.

"तुमचं बरोबर हाय, ताई," तो म्हणाला. "तेलानं झालं आसंल. पर त्या निमित्तानं आमी दोघं हितं आलो. दगुड साफ करायला कुनीतरी पायजे व्हतं. मी गवात काढलं, ह्यानं पानी आणलं. आठ म्हैन्यांनी बोललो. त्ये काय खोटं न्हाई ना?"

"नाही," मी म्हटलं.

धाकटा जमिनीकडे बघत होता. "मी तुमाला त्या दिवशी उगंच बोललो," तो म्हणाला. मग माझ्या उत्तराची वाट न बघता पुढे म्हणाला, "आमी ठरवलंय. बांध कुनाकडंच नको. बांध, चिंच आन् दगुड, येवढी पट्टी सामाईक. बाकीचं निम्मं निम्मं. नकाशात तसं दावा."

मी म्हटलं, दाखवते. फोटो बघितले तर एक अडचण होती. चिंचेचा घेर मोठा होता. वरून नुसता हिरवा गोल दिसत होता आणि त्याखाली बांध कुठून कसा वळतो, दगड नेमका कुठे आहे, ते काहीच कळत नव्हतं. ड्रोनला झाडाखालचं दिसत नाही.

मी हे बाबांना सांगितलं. ते बहुधा वाटच बघत होते. गाडीच्या डिकीतून त्यांनी पन्नास मीटरची फीत काढली. ती त्यांनी कधी ठेवली होती, मला माहीत नव्हतं.

"एक टोक तुम्ही धरा आणि दगडापाशी उभे राहा," ते थोरल्याला म्हणाले. मग धाकट्याकडे वळले. "दुसरं तुम्ही. ते घेऊन बांधाच्या टोकाच्या त्या खुंटापर्यंत चालत जा. सरळ चला, बांध वळतो तिथे थांबा."

भाऊ निघाले. धाकटा बांधावरून पाठमोरा चालत होता, थोरला दगडापाशी ओणवा झाला होता. बाबा पँटचे पाय दुमडून मध्ये उभे राहिले आणि त्यांनी वही कोऱ्या पानावर उघडून माझ्या हातात दिली. चालताना त्यांचा पाय एकदा ढेकळावर सरकला. मी पुढे झाले, तर त्यांनी हाताने मला थांबवलं.

"फीत लोंबतेय," ते ओरडले. "ताणा. दोघांनी ताणा. अहो, तुटत नाही ती."

दोघांनी ताणली. फीत जमिनीपासून वर उचलली गेली, गवतावरचं दव तिच्यावरून झडलं. बाबांनी वाकून आकडा वाचला, परत एकदा वाचला आणि मला सांगितला. मी तो लिहून घेतला. वळणं पाच होती. ती मोजून व्हायला पाऊण तास लागला, तोवर थोरल्याच्या घरून चहा आला आणि टॉवरवरच्या घारी उडून शेतावर फिरायला लागल्या.